त्रेचाळीस चिठ्ठ्यांचा प्रबंध

मोजणीताईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. बिजागऱ्यांच्या कारखान्यात चोवीस वर्षं त्या पॅकिंग खात्यात होत्या. दोन बिजागऱ्या आणि सहा स्क्रू एका पुडीत घालायचे, पुडीला टाचणी मारायची आणि पुडी पेटीत टाकायची. पुडी नुसती तळहातावर घेऊन त्यात पाच स्क्रू आहेत की सहा, हे त्या सांगत. म्हणून मोजणीताई.

एक दिवस मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि कधी नव्हे ते खुर्चीवर बसवलं. ताई खुर्चीच्या कडेवरच टेकल्या.

"आपल्याकडे इनोव्हेशन विभाग सुरू होतोय," साहेब म्हणाले. "विभागप्रमुख इनोव्हेशन मॅनेजमेंटमधला पदव्युत्तर पदवीधर असला पाहिजे, असा नियम आहे. आपल्या कारखान्यात साधी पदवी असलेली माणसं तीन. एक मी. मला वेळ नाही. दुसरे हिशेबनीस, त्यांचा पुढच्या वर्षी निरोप समारंभ. तिसऱ्या तुम्ही."

"साहेब, माझी पदवी भूगोलात आहे. तीस वर्षं झाली तिला."

"पदवीला कुठे बुरशी लागते?" साहेब म्हणाले आणि विषय संपला.

अशा रीतीने वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मोजणीताई दर शनिवारी-रविवारी विद्यापीठात जाऊ लागल्या. वर्गात त्यांच्याहून मोठं फक्त भिंतीवरचं घड्याळ होतं. दोन वर्षं त्यांनी तक्ते पाठ केले, परीक्षा दिल्या आणि सगळ्या विषयांत काठावर का होईना पण पास झाल्या. उरला प्रबंध.

प्रबंधासाठी जे मार्गदर्शक मिळाले ते ताईंच्या भाच्यापेक्षाही लहान होते. कामसू माणूस, पण घाई इतकी की ताई खोलीत शिरल्या की ते उभे राहात आणि ताई निघेपर्यंत बसत नसत.

"मॅडम, आधी विषय ठरवा," ते म्हणाले. "विषय अगदी नवा हवा. पण असा नवा, की ज्यावर आधी बऱ्याच लोकांनी लिहिलंय. नाहीतर संदर्भ कुठून देणार?"

"म्हणजे नवा की जुना?"

"नवाच. पण संदर्भासहित. आणि त्यात रिसर्च गॅप दिसली पाहिजे."

गॅप म्हणजे फट. बिजागरीच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेल्या बाईला फट काय असते हे शिकवायची गरज नव्हती. फट नसली तर दार घासतं, जास्त झाली तर वारा शिरतो. प्रबंधातली फटही तेवढीच ठेवायची असणार, असं ताईंनी मनाशी धरलं, आणि त्यांचा तो अंदाज पुढे बराच उपयोगी पडला.

विषय त्यांना कॅन्टीनमध्ये सापडला. दाराशेजारच्या भिंतीवर, पार वर, एक हिरवी लोखंडी पेटी होती. तिच्यावर 'आपल्या सूचना येथे टाका' असं लिहिलेलं होतं. पेटी लागून चौदा वर्षं झाली होती. ती उघडलेली कुणी पाहिली नव्हती. कामगारांना नव्या कल्पना सुचतात का, सुचल्या तर त्या सांगतात का, आणि सांगितल्या तर त्यांचं पुढे काय होतं, हे त्या पेटीवरून शोधायचं असं ताईंनी ठरवलं. मार्गदर्शक उभ्या उभ्या खूश झाले. त्यांनी कामाचं वेळापत्रक काढायला सांगितलं. ताईंनी मोठ्या कागदावर आठ महिन्यांचे रकाने आखले. पहिल्या महिन्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'पेटी उघडणे.'

तो रकाना अडीच महिने तसाच राहिला.

"पेटी उघडायचा अधिकार सूचना समितीला आहे," मोठे साहेब म्हणाले.

"समितीत कोण कोण आहे?"

"अजून नेमलेली नाही. तशी सूचना आली की लगेच नेमू."

"सूचना कुठे द्यायची, साहेब?"

साहेबांनी खिडकीतून कॅन्टीनकडे बोट दाखवलं.

मोजणीताईंनी आयुष्यात कधी नियम मोडला नव्हता. त्यांनी नीट अक्षरात 'सूचना समिती नेमावी' अशी चिठ्ठी लिहिली, टाचा उंचावून पेटीत टाकली आणि वाट पाहिली.

त्या काळात घरी दुसरं प्रकरण चालू होतं. त्याचं नाव संदर्भ-साहित्याचा आढावा. ताईंचे यजमान शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागच्या खोलीत सासूबाईंची खाट, आणि मधल्या खोलीत कापड बेतायच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर ताईंचा प्रबंध. रोज संध्याकाळी ताई तिथे बसून कोणत्या विद्वानाने कोणत्या पानावर काय म्हटलंय ते उतरवून काढत.

"काय लिहितेस गं एवढं?" सासूबाईंनी खाटेवरून विचारलं.

"दुसऱ्यांनी काय काय म्हटलंय ते."

"आणि मग?"

"मग एकाने म्हटलेलं दुसऱ्याला कसं पटलं नाही, ते."

"म्हणजे चहाड्याच की!" सासूबाई उठून बसल्या. "आमच्या वेळी हे फुकट व्हायचं. आणि पान नंबर कोण विचारायचं?"

तेव्हापासून ताई रोजचा आढावा त्यांना वाचून दाखवू लागल्या. सासूबाईंनी विद्वानांमध्ये ताबडतोब दोन तट पाडले. एका परदेशी प्राध्यापकाने दुसऱ्याचा सिद्धांत नाकारला तेव्हा त्या दोन दिवस अस्वस्थ होत्या. "त्याचं उत्तर आलं का गं?" असं जेवताना विचारायच्या.

तिकडे पेटीचा प्रश्न सुटला तो फिटरकाकांमुळे. ते कॅन्टीनमधला पंखा दुरुस्त करायला शिडी घेऊन आले होते. ताई पेटीखाली उभ्या राहून वर बघत होत्या.

"काय, किल्ली नाही?"

"किल्ली नाही, समिती नाही, काहीच नाही."

फिटरकाका शिडीवर चढले आणि खो खो हसायला लागले. "ताई, अहो, बिजागऱ्या आपल्याच आहेत! तुमच्याच पुडीतल्या." त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, सहा स्क्रू फिरवले आणि झाकण दुसऱ्या बाजूने उघडलं. कुलूप जागच्या जागी लटकत राहिलं.

"काका, पण नियम..."

"नियम कुलूप उघडायचा आहे. कुलूप उघडलंय का? बघा, बंदच आहे."

त्यांनी आतला ऐवज वर्तमानपत्रावर ओतला. चॉकलेटचे कागद, बसची तिकिटं, एक पेनाचं टोपण, आणि एकंदर बासष्ट चिठ्ठ्या. त्यांत एक ताईंचीच. शिवाय एक पाकीट होतं आणि त्यात किल्ली. सोबत चौदा वर्षांपूर्वीच्या व्यवस्थापकांच्या सहीचा कागद होता, 'किल्ली गहाळ होऊ नये म्हणून पेटीत सुरक्षित ठेवली आहे.'

ताईंनी चिठ्ठ्या लावायला घेतल्या. 'पंखा लावा' अशा सात. 'पंखा काढा' अशा तीन. 'भाजीत मीठ' एवढंच लिहिलेल्या सात. जास्त की कमी, कळायला मार्ग नाही. एक राजीनामा होता. तो वजनकाट्यावरच्या माणसाचा, नऊ वर्षांपूर्वीचा. तो माणूस अजून रोज वजनकाट्यावर होता. ताईंनी चिठ्ठी नेऊन दाखवली तेव्हा त्याने चष्मा लावून ती वाचली.

"हो, माझीच. मी उत्तराची वाट बघतोय."

"नऊ वर्षं?"

"घाई नव्हती," तो म्हणाला.

पण खरी गंमत उरलेल्या चिठ्ठ्यांत होती. त्रेचाळीस चिठ्ठ्यांवर वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या शाईने, एकच वाक्य होतं. 'ही पेटी थोडी खाली लावा.'

मार्गदर्शक त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीत बसले. "मॅडम, एकसष्टपैकी त्रेचाळीस! सत्तर टक्के! तुमची स्वतःची सोडून द्या, ती धरायची नाही. हे केवढं मोठं एकमत आहे! साध्या माणसांना व्यवस्थेतली अडचण दिसते. हाच निष्कर्ष." त्यांनी लगेच एक गोल आकृती काढली. तिचा मोठा भाग निळा रंगवला. ती आकृती ताईंनी साहेबांना दाखवली आणि आठवड्याच्या आत कारखान्याच्या फाटकावर फलक लागला. 'सत्तर टक्के कर्मचाऱ्यांचा नवनिर्मितीत सहभाग.' पेटी कुठे लावायची याबद्दल फलकावर काही नव्हतं.

मग विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीचं पत्र आलं. चिठ्ठ्या वापरायच्या असतील तर त्या लिहिणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती हवी.

"पण चिठ्ठ्या निनावी आहेत," ताई म्हणाल्या.

"म्हणूनच," मार्गदर्शक म्हणाले. "निनावी माणसाचा हक्क फार जपावा लागतो. त्यांनी नाव आणि सही देऊन कळवायचं, की आम्ही निनावी आहोत."

ताईंनी तशी सूचना फळ्यावर लावली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पॅकिंग खात्यापासून फाटकापर्यंत रांग लागली. निनावी चिठ्ठीवाल्यांना काहीतरी मिळणार आहे, अशी आवई उठली होती. एकशे अठरा माणसं आली. प्रत्येकजण छातीवर हात ठेवून सांगत होता, की चिठ्ठी माझीच. "काय लिहिलं होतं?" असं विचारलं की कुणी म्हणे सुरक्षा, कुणी म्हणे गुणवत्ता. एकाने तर "तुम्ही सांगा, मी हो म्हणतो," असं प्रामाणिकपणे सांगून टाकलं. ज्याने पंखा काढायला सांगितलं होतं तो मात्र खरा निघाला. त्याला सर्दीचा त्रास होता.

रांग संपल्यावर सफाईच्या मावशी आल्या. बुटक्या, इतक्या की पॅकिंगच्या टेबलापलीकडून त्यांचा फक्त चेहरा दिसे. त्यांनी बादली खाली ठेवली.

"ताई, ते पेटी खाली लावायचं लिहिलंय ना, ते माझं."

"मावशी, तुम्हीसुद्धा? आज एकशे अठराजण 'चिठ्ठी माझीच' म्हणून गेले. त्यातली कुठली तुमची?"

"सगळ्या," मावशी म्हणाल्या.

ताईंनी पेन खाली ठेवलं.

"रोज पुसायची असते ना ती पेटी," मावशी सांगू लागल्या. "साहेबांचा हुकूम आहे, पेटी चकचकीत पाहिजे. माझा हात जातो का तिथे? बादली उपडी घालते, तिच्यावर चढते, मग पुसते. दोनदा पडलेसुद्धा. मग म्हटलं, पेटीवर लिहिलंच आहे सूचना टाका, तर टाकू. चार-चार महिन्यांनी एक टाकायची. लगेच लगेच टाकलं तर त्यांना राग यायचा."

"पण अक्षरं वेगवेगळी आहेत!"

"माझं अक्षर मलाच लागत नाही. कोण मोकळं दिसेल त्याला म्हणायचं, एवढं लिहून द्या. सगळे लिहून देतात हो. चांगली आहेत माणसं." मावशी थांबल्या. "एक तर तुम्हीच लिहून दिली होती."

ताईंनी गठ्ठा सोडला. एकोणिसावी चिठ्ठी. पुडीवर वजन लिहायच्या निळ्या पेन्सिलीने, टपोऱ्या अक्षरात. 'ही पेटी थोडी खाली लावा.' अक्षर त्यांचंच होतं. लिहिल्याचं त्यांना काडीइतकंही आठवत नव्हतं. त्रेचाळीस माणसांनी हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहिलं, मावशींच्या हातात ठेवलं आणि कामाला लागली. पेटी का खाली हवी, एवढं कुणी विचारलं नाही. आपणही नाही. ताईंचा घास त्या दिवशी डब्यातच राहिला.

मार्गदर्शकांना हे सांगितलं तेव्हा ते पुन्हा उभे राहिले.

"एकच बाई? मॅडम, म्हणजे आकृती गेली. एकमत गेलं. नमुना किती उरला? एक!" खोलीत दोन फेऱ्या मारून ते हळू आवाजात म्हणाले, "समजा, त्या आल्याच नसत्या तर? तुम्ही रांग संपल्यावर लगेच उठला असता तर? असं होऊ शकतं ना?"

"होऊ शकतं. पण मी उठले नाही, सर."

"जमा करायची तारीख पाच आठवड्यांवर आलीय. तुमच्या साहेबांचा फलक लागलाय. विचार करा."

ताई विचार करत घरी आल्या. चोवीस वर्षांत त्यांच्या हातून पाच स्क्रूंची पुडी बाहेर गेली नव्हती. वरती सहा लिहायचं आणि आत पाच घालायचे, हे त्यांच्या हातालाच जमलं नसतं. पण पाच आठवडे म्हणजे काहीच नाही, आणि फलकाचं साहेबांना सांगायचं ते वेगळंच. त्यांनी सगळं यजमानांना सांगितलं. ते एका कोटाची बाही उसवत होते.

"अहो, काय करू?"

यजमानांनी दातातला दोरा काढला. "माप चुकलं तर कापड उसवायचं असतं. गिऱ्हाईकाचा हात कापायचा नसतो."

"पण सगळा प्रबंध उसवावा लागेल."

"उसव. मी काज करून देतो," ते म्हणाले. शिंप्याच्या घरात याहून मोठा आधार नाही.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "आणि त्या मावशींचं नाव पहिल्या पानावर घाल! त्या परदेशी मेल्यांचं काय कौतुक!"

मग पाच आठवडे मोजणीताईंनी प्रबंध उसवला. एकमताचं प्रकरण पूर्ण काढलं. त्या जागी एका बाईने चौदा वर्षं एकच गोष्ट का मागितली, तिच्यासाठी किती हातांनी लिहिलं, आणि ते लिहिणाऱ्यांतल्या कुणालाही ती का ऐकू आली नाही, हे लिहिलं. त्यात स्वतःची एकोणिसावी चिठ्ठीही घातली. फलकाबद्दल साहेबांना खरं सांगायला गेल्या तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, "फलक रंगवून झालाय. टक्के खरे की खोटे ते विद्यापीठात ठरू दे." ताईंच्या मते ते काही बरोबर नव्हतं. पण त्यांचा प्रबंध फलकावर नव्हता, पेटीवर होता.

बांधणीच्या आधी साम्य-तपासणी असते. कुणाचं काही चोरलं नाही ना, हे यंत्र बघतं. ग्रंथालयातल्या बाईंनी निकाल हातात दिला तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता.

"परिशिष्टात एकच वाक्य त्रेचाळीस वेळा आलंय. यंत्राला ही चोरी वाटते."

"पण ते तसंच लिहिलं होतं हो."

"दर वेळी वेगळ्या शब्दांत मांडा. पेटी खाली लावा, पेटीस अधोदिशेने न्या, असं काहीतरी."

ताईंनी वाक्य एकदा लिहिलं आणि खाली टीप दिली, 'असेच आणखी बेचाळीस वेळा.' यंत्र शांत झालं. डाव्या बाजूला दीड इंच समास सोडायचा नियम होता. यजमानांनी प्रत्येक पान टेपने मोजलं आणि तीन पानं नापास केली. "शिलाईत जाईल एवढं तरी सोडायला नको का?" असं म्हणत ते संगणकवाल्याला कधी नव्हे ते ओरडले.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. जाड भिंगांचा चष्मा, हातात लाल पेन. त्यांनी प्रबंध चाळला आणि डोकं वर न काढता विचारलं, "नमुना किती?"

"एक, सर."

"एकावरून निष्कर्ष काढता येतो?"

ताईंनी मार्गदर्शकांकडे पाहिलं. मार्गदर्शक खिडकीबाहेर बघत होते. "सर, एका माणसाला त्रेचाळीस वेळा सांगावं लागलं, हा निष्कर्ष एकावरूनच निघतो. दोन असत्या तर कदाचित लवकर निघाला असता."

परीक्षकांनी आता डोकं वर काढलं. "ठीक. पण हा प्रबंध इनोव्हेशनचा आहे. यात इनोव्हेशन कुठे आहे?"

"बादली," ताई म्हणाल्या.

"काय?"

"बादली उपडी घालून तिच्यावर चढणं. हाताशी असलेल्या वस्तूचा वेगळा वापर, खर्च शून्य, प्रशिक्षण शून्य. पान एकसष्ट. दोनदा अपयश आलं, तेही लिहिलंय."

परीक्षकांनी पान एकसष्ट काढलं, वाचलं, आणि समासात लाल पेनाने काहीतरी लिहिलं. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग आता पेटी खाली लावली का?"

"नाही, सर. प्रबंध मंजूर झाल्यावर शिफारशीचा विचार होणार आहे."

"मग मंजूर करायलाच हवा," ते म्हणाले.

ताई पास झाल्या. बाहेर आल्यावर मार्गदर्शकांनी त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं, की लाल पेनाने समासात 'आमच्याकडेही' एवढंच लिहिलं होतं. आपली निळी आकृती त्यांनी जपून ठेवली होती. कुणाच्या तरी प्रबंधात ती चालेल, असं त्यांना वाटत होतं.

इनोव्हेशन विभाग रीतसर सुरू झाला. विभाग म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि मोजणीताई. त्यांची पहिली शिफारस होती, पेटी दीड हात खाली लावावी. ती साहेबांकडे गेली, तिथून देखभाल खात्याकडे, तिथून सुरक्षा खात्याकडे, आणि 'किती खाली म्हणजे थोडी खाली?' असा शेरा घेऊन परत आली. ताईंनी मावशींची उंची मोजून पाठवली. त्यावर एका माणसाच्या उंचीवरून धोरण ठरवता येत नाही, असं उत्तर आलं. फिटरकाका स्क्रू ड्रायव्हर घेऊन दोनदा येऊन गेले, पण ताई म्हणाल्या, "आता विभागप्रमुख मीच आहे. मीच नियम मोडला तर शिफारस कोण ऐकेल?" आणि हे म्हणताना आपण साहेबांसारखं बोललो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या दिवशी त्या स्वतः बादलीवर चढल्या आणि पेटी पुसली. पुढे रोजच पुसू लागल्या. मावशींनी नको नको म्हटलं, मग बादली धरायला लागल्या.

सात महिन्यांनी कॅन्टीनला रंग द्यायचा निघाला. रंगाऱ्याने पेटी काढून बाजूला ठेवली, भिंत रंगवली, आणि काम संपल्यावर जिथे त्याचा हात आरामात पोहोचला तिथे ती ठोकून दिली. रंगारी मावशींपेक्षा बोटभरच उंच होता. कुणाची परवानगी त्याने घेतली नाही, कारण घ्यायची असते हे त्याला माहीत नव्हतं.

पेटी खाली आल्याबद्दल साहेबांनी फाटकावर नवा फलक लावायला सांगितलं. ताईंनी विचारलं, की त्यावर रंगाऱ्याचा उल्लेख करायचा का. साहेब म्हणाले, तो कंत्राटी आहे.

संध्याकाळी मावशी ताईंच्या टेबलाशी आल्या. प्रबंधाची काळ्या पुठ्ठ्याची प्रत त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतली होती. त्यांनी ती तळहातावर तोलून पाहिली.

"यात मी आहे?"

"सगळ्यात तुम्हीच आहात. फक्त नाव घालता आलं नाही. निनावी ठेवायचा नियम होता."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या. "नाव कळलं असतं तर फलकसुद्धा पुसायला लावला असता." मग त्यांनी प्रत खाली ठेवली आणि जरा तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "ताई, पेटी खाली आल्यापासून लोक तिच्यात कागद टाकायला लागलेत हो. काल तुडुंब भरली होती. याचं काय करायचं?"

"वाचायचं," ताई म्हणाल्या, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून त्यांनी पहिली चिठ्ठी उलगडली. तिच्यावर लिहिलं होतं, 'भाजीत मीठ.'

ताईंनी डोक्याला हात लावला, मग उठल्या आणि ती कुणी लिहिली ते विचारायला कॅन्टीनकडे चालू लागल्या.